धुतल्यावरही गाडी खरखरीत लागते? वॅक्सआधी ‘क्ले बार’ का आणि कसा वापरायचा

रील्समध्ये हे तुम्ही पाहिलं असेल. नुकत्याच धुतलेल्या गाडीच्या बॉनेटवर एक जण निळ्या रंगाची मऊ वडी फिरवतो. मग ती उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरतो, तर तिच्यावर तपकिरी-काळा थर बसलेला असतो. खाली कॉमेंटमध्ये दोन तट पडतात. एक जण विचारतो, ‘भारी आहे, कुठे मिळतं?’ दुसरा म्हणतो, ‘अरे, तो गाडीचा रंग निघतोय.’

या वडीला क्ले बार म्हणतात. गाडीला वॅक्स लावण्याआधी रंगावर घट्ट चिकटलेले कण काढायला तो वापरतात. पहिल्याचा उत्साह बरोबर आहे आणि दुसऱ्याची भीतीही अगदीच खोटी नाही. नीट वापरला तर क्ले बार रंगाला काचेसारखा गुळगुळीतपणा देतो. घाईत वापरला तर त्याच रंगावर बारीक चरे पाडतो.

सोलापुरात हा फरक जास्त जाणवतो. इथे धूळ वर्षभर असते, ऊन कडक असतं आणि पाणी मोजून वापरावं लागतं. परदेशी व्हिडिओत नळी सोडून, सावलीच्या गॅरेजमध्ये, वीस अंश तापमानात जे केलं जातं ते इथे जसंच्या तसं चालत नाही. म्हणून हे सगळं इथल्या हिशोबाने समजून घेऊ.

क्ले बार म्हणजे नेमकं काय?

नाव ‘क्ले’ असलं तरी त्यात माती नसते. गणपतीची शाडू माती किंवा मुलांची खेळायची क्ले यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. क्ले बार हा पॉलिब्युटीनसारख्या चिवट रेझिनचा गोळा असतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट, सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनासारखे घासणारे अतिबारीक कण मळलेले असतात.

जपानी संशोधक तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये या पदार्थाचं अमेरिकी पेटंट मिळालं. पेटंटमधलं नाव होतं ‘प्लास्टिक फ्लेक्झिबल ग्राइंडिंग स्टोन’. म्हणजे हवा तसा आकार घेणारा, घासायचा दगड. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. क्ले बार हाताला मऊ लागतो, पण त्याचं काम घासण्याचंच आहे.

मग तो रंग का खरवडत नाही? कारण तो कोरडा वापरायचाच नसतो. रंगावर साबणाच्या पाण्याचा निसरडा थर असतो आणि क्ले त्या थरावरून तरंगत जातो. गुळगुळीत रंगाला तो जेमतेम टेकतो, पण रंगातून वर आलेला कण त्याच्या वाटेत येतो. तो कण उखडला जातो आणि मऊ क्लेमध्ये रुतून बसतो.

भाकरीचं पीठ मळून झाल्यावर परातीला चिकटलेले कण आपण पिठाचाच गोळा फिरवून टिपून घेतो. क्ले बारचं काम साधारण तसंच चालतं.

सोलापुरात गाडीवर बसतं तरी काय?

गाडीवरचा मळ दोन प्रकारचा असतो. एक सुटा, जो पाण्याने आणि शाम्पूने निघतो. दुसरा चिकटलेला किंवा रुतलेला, जो धुऊनही जात नाही. क्ले बारचं काम या दुसऱ्या मळाशी आहे.

धूळ: काळ्या मातीची धूळ, रस्त्याच्या कामांवरचा मुरुम, स्टोन क्रशरची कच. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा आणि सोलापूरहून विजयपूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग, दोन्हींवर अवजड वाहतूक मोठी आहे. ही धूळ बहुतेक सुटी असते आणि धुतल्यावर जाते. पण ओल्या गाडीवर बसून ती वारंवार वाळली की तिचा काही भाग धरून बसतो.

राख आणि काजळी: दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, होटगी परिसरात सिमेंट उद्योग आहे आणि जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत. औष्णिक केंद्रांत राख पकडणारी यंत्रणा असते, तरी कोळसा, सिमेंट किंवा उसाचं चिपाड हाताळणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या आसपास हवेत बारीक कण जास्त असतात. गाळप हंगामात कारखान्याजवळच्या गावांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी काजळी दिसते, तीच तिथल्या गाडीवरही बसते.

लोखंडाचे कण: हे सर्वांत चिवट. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि पॅड घासून लोखंडाची गरम भुकटी उडते. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातूनही असेच कण निघतात. गाड्यांच्या निगेच्या धंद्यात याला ‘रेल डस्ट’ असंच नाव पडलं आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडर चालतो तेव्हा उडणाऱ्या ठिणग्या म्हणजेही लोखंडच. रेल्वे रुळाजवळ, वेल्डिंगच्या दुकानासमोर किंवा एमआयडीसीत रोज उभी राहणारी गाडी या कणांना सर्वांत आधी सापडते.

झाडांचा चिकटा: आंब्याला मोहोर आला की तुडतुडे चिकट, गोडसर स्राव सोडतात. झाडाखालच्या गाडीवर त्याचे बारीक ठिपके पडतात, त्यावर धूळ बसते आणि उन्हात ते कडक होतात.

डांबर आणि रंगाचे तुषार: नव्याने केलेल्या रस्त्यावरून गेलं की दाराच्या खालच्या भागावर डांबराचे काळे ठिपके येतात. शेजारी इमारतीला किंवा गेटला स्प्रेने रंग मारला जात असेल तर हवेतून रंगाचे तुषार येऊन बसतात.

पाण्याचे डाग: बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की पाणी उडतं आणि क्षार पांढऱ्या गोल डागांच्या रूपाने मागे राहतात.

गाडीला क्लेची गरज आहे का? पिशवी घाला आणि पाहा

यासाठी यंत्र लागत नाही. गाडी धुऊन पुसून घ्या. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवर, छतावर आणि डिकीवर अगदी हलकेच फिरवा. पिशवीमुळे बोटांचं घर्षण कमी होतं आणि एरवी न जाणवणारे उंचवटे कळतात.

रंग गुळगुळीत लागला तर क्ले बारची गरज नाही. थेट वॅक्स करा. रव्यावरून हात फिरवल्यासारखं लागलं तर गरज आहे. अनेकदा छत आणि बॉनेट खरखरीत असतात, दारं मात्र ठीक असतात. अशा वेळी खरखरीत भागालाच क्ले करायचा. पूर्ण गाडी घासलीच पाहिजे असा नियम नाही.

पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके: गंज लागला का?

पांढऱ्या गाड्यांचे मालक या ठिपक्यांनी सर्वांत जास्त घाबरतात. टोकदार पेनाने टिंब काढावं तसे नारिंगी-तपकिरी ठिपके डिकीवर आणि दारांवर दिसू लागतात. ‘पत्रा गंजतोय, पेंटिंग करावं लागेल’ असं कोणीतरी सांगतं आणि मालक हजारो रुपयांच्या खर्चाला तयार होतो.

बऱ्याचदा हा गंज गाडीच्या पत्र्याचा नसतो. रंगावर रुतलेला लोखंडाचा कण दमट हवेत गंजतो आणि तोच ठिपका दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. ठिपका पृष्ठभागावर असेल आणि आजूबाजूचा रंग सपाट असेल तर तो बाहेरून आलेला कण असण्याची शक्यता जास्त. रंग फुगून वर आला असेल, पापुद्रा सुटत असेल किंवा दाराच्या खालच्या कडेला रंग तडकला असेल तर गंज आतून आहे आणि तिथे क्ले बारचा उपयोग नाही. तिथे पेंटरच लागेल.

बाहेरच्या लोखंडी कणांवर ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचा द्रव मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. लोखंडाशी संयोग झाला की त्याचा रंग जांभळा होतो, म्हणून फवारल्यावर गाडीवर जांभळे ओघळ दिसतात. वास सडक्या अंड्यासारखा येतो, त्यामुळे मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून वापरा. तो गाडीवर वाळू देऊ नका. पाकिटावर सांगितलेल्या मिनिटांत पाण्याने काढा. जेवढं लोखंड या द्रवाने विरघळेल, तेवढं क्लेने घासण्याचं काम कमी होईल.

पेंटिंगच्या खर्चाचा निर्णय घेण्याआधी एका दारावर एवढं करून पाहायला हरकत नाही.

एवढी काळजी कशासाठी? रंग किती जाड असतो?

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर चार थर असतात. गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरामुळे गाडी चमकते, तो केसापेक्षाही पातळ आहे.

ऊन झेलण्याचं कामही हाच थर करतो. सूर्याचे अतिनील किरण शोषणारे घटक त्यात असतात. तो घासून गेला की परत येत नाही. छतावर आणि बॉनेटवर पांढुरके, सोललेले चट्टे पडलेल्या जुन्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे क्लिअर कोट संपलेला असतो आणि त्यावर उपाय एकच, पुन्हा रंगकाम.

नीट केलेल्या क्लेमुळे हा थर जाणवण्याइतका कमी होत नाही. पण क्लेने पाडलेले चरे काढायला पॉलिश करावं लागतं आणि पॉलिश मात्र हा थर थोडा थोडा कापतं. म्हणून क्ले करताना चरे न पडू देणं महत्त्वाचं.

क्ले, पॉलिश आणि वॅक्स: तीन वेगळी कामं

आपल्याकडे तिन्हींना सरसकट ‘पॉलिश’ म्हणायची सवय आहे. त्यामुळे पैसे एका कामाचे दिले जातात आणि काम दुसरंच होतं.

क्ले रंगावर चिकटलेलं बाहेरचं काढतो. पॉलिश क्लिअर कोटचा अतिपातळ भाग कापून चरे बुजल्यासारखे करतं. वॅक्स काहीच काढत नाही, ते रंगावर संरक्षणाचा पातळ थर देतं.

क्रम नेहमी हाच: धुणं, क्ले, गरज असेल तर पॉलिश आणि शेवटी वॅक्स. खरखरीत रंगावर वॅक्स लावलं तर ते कणांवर बसतं, रंगाला नीट धरत नाही आणि लवकर उतरतं. लावताना फडकंही अडखळतं. भिंतीला लांबी भरून घासल्याशिवाय रंग मारला तर जे होतं, तेच इथे होतं.

काय काय लागेल?

क्ले बार: १०० ग्रॅमची वडी काही शे रुपयांत ऑनलाइन किंवा गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळते. फाइन, मीडियम आणि हेवी अशा ग्रेड असतात. घरी करणाऱ्याने फाइनच घ्यावी. कोणता रंग म्हणजे कोणती ग्रेड हे कंपनीनुसार बदलतं, म्हणून पाकिटावरचं वाचा.

निसरडं पाणी: यासाठी तयार ‘क्ले ल्युब’ मिळतं. नसेल तर कार शाम्पू पाण्यात घालून स्प्रे बाटलीत भरा. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको.

फडकी: चार-पाच मायक्रोफायबर कापडं. इथे सोलापूरकरांना एक मोह होतो. आपल्या टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, घरोघरी त्याची थप्पी असते, मग गाडीला तोच का नको? अंग पुसायला तो उत्तमच. पण जुन्या टॉवेलची शिवलेली कडक किनार आणि धुऊन धुऊन ताठ झालेले दोरे क्लिअर कोटवर बारीक चरे पाडू शकतात. चाकं, दारांच्या खाचा आणि आतली सफाई यांसाठी टॉवेल वापरा, वरच्या रंगाला मायक्रोफायबर.

याशिवाय कार शाम्पू, दोन बादल्या आणि वॅक्स.

पाणी कमी असताना गाडी कशी धुवायची?

सोलापूर शहराला उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून जलवाहिनीने येतं आणि अनेक भागांत नळाला रोज पाणी नसतं. नळी सोडून गाडी धुणं परवडत नाही आणि शोभतही नाही. पण क्लेच्या आधी गाडी नीट धुतलीच पाहिजे, कारण सुटी धूळ राहिली तर क्ले तीच धूळ घेऊन रंगावर फिरतो.

दोन बादल्यांत हे काम होतं. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी साध्या पाण्याचे दोन-चार मग छतावरून सोडून धूळ ओली करा आणि खाली वाहू द्या. मग शाम्पूत बुडवलेला मऊ मिट वरून खाली फिरवा. प्रत्येक भागानंतर तो साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या आणि मगच परत शाम्पूत बुडवा. कच बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. शेवटी पुन्हा साध्या पाण्याचे मग. तीस-चाळीस लिटरमध्ये छोटी गाडी निघते.

शेवटचं पाणी शक्यतो बोअरचं नको. तेच असेल तर वाळू न देता लगेच पुसून घ्या.

क्ले करण्याची पद्धत

१. वेळ निवडा. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि उन्हातल्या काळ्या बॉनेटवर हात टेकवत नाही. तापलेल्या पत्र्यावर निसरडं पाणी क्षणात उडतं आणि क्ले कोरडा घासला जातो. सकाळी सहा-सातला, सावलीत काम करा. पत्र्यावर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे.

२. डांबराचे ठिपके आधी टार रिमूव्हरने काढा. क्लेने डांबर खरवडत बसलात तर ते पसरतं आणि क्ले वाया जातो.

३. वडीचे तीन-चार तुकडे करा. एकच वापरायला घ्या, बाकीचे डबीत ठेवा. तुकडा मळून तळहातावर मावेल अशी चपटी चकती करा. थंडीत तो कडक असेल तर कोमट पाण्यात बुडवा. उन्हाळ्यात उलट होतं, तो पाघळून चिकट होतो. मग थोडा वेळ गार पाण्यात ठेवा.

४. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. तिथे आणि क्लेवरही निसरडं पाणी भरपूर फवारा. पृष्ठभाग ओथंबलेला दिसला पाहिजे.

५. चकती बोटांच्या पेरांखाली सपाट धरा आणि सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. गोल गोल फिरवू नका. जोर फक्त चकती हातातून निसटणार नाही एवढाच.

६. सुरुवातीला खर्र-खर्र आवाज येईल आणि क्ले थोडा अडखळेल. पाच-सात फेऱ्यांत आवाज थांबतो आणि क्ले अलगद घसरू लागतो. तो भाग झाला. त्यापुढे घासू नका.

७. क्ले उलटा करून बघा. मळ दिसला की चकती दुमडून, मळून आतली स्वच्छ बाजू वर आणा. प्रत्येक चौकोनानंतर हे करा.

८. तो भाग मायक्रोफायबरने पुसून घ्या, पिशवीची चाचणी पुन्हा करा आणि पुढच्या चौकोनाकडे जा. क्रम वरून खाली ठेवा: छत, काचा, बॉनेट, डिकी आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग. तिथेच कच सर्वांत जास्त असते.

९. सगळं झालं की गाडीवरून पुन्हा पाणी सोडून नीट पुसा.

काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर आधी कोपऱ्यातल्या छोट्या भागावर करून उजेडात पाहा. धुरकट रेघा दिसल्या तर ग्रेड जास्त आहे किंवा पाणी कमी पडतंय.

खाली पडला? फेकून द्या

हा नियम सगळ्यांना जिवावर येतो. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला की तो धुऊन वापरता येत नाही. फरशीवरची वाळू त्याच्यात रुतते, बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या फेरीत रंगावर लांब चरा ओढते. शंभर-दीडशे रुपयांचा तुकडा वाचवण्यासाठी दाराचा रंग पणाला लावू नका. वडीचे तुकडे करून ठेवायचे ते यासाठीच. मळून मळून सगळीकडून काळा पडलेला तुकडाही टाकून द्या.

मग वॅक्स

क्लेनंतर रंग अगदी उघडा असतो, जुनं वॅक्सही निघून गेलेलं असतं. म्हणून त्याच दिवशी वॅक्स लावा. थर पातळ असावा, जाड लावून टिकाऊपणा वाढत नाही. धुरकट झालं की बोटाने एक रेघ ओढून पाहा. खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायची वेळ झाली.

कोणतं वॅक्स? प्रसिद्ध कारनौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. शुद्ध कारनौबा साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण डबीतल्या वॅक्समध्ये तेलं आणि इतर मऊ घटकही असतात. सोलापूरच्या उन्हात दिवसभर बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीवर ते फार काळ टिकत नाही. चमक छान येते, पण काही आठवड्यांत पुन्हा लावावं लागतं. सावलीत पार्किंग नसेल तर कृत्रिम पॉलिमरचा ‘पेंट सीलंट’ जास्त सोयीचा.

क्ले बारने काय होत नाही?

चरे जात नाहीत. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं जात नाहीत. फिका पडलेला रंग परत येत नाही. पक्ष्याची विष्ठा किंवा पाण्याचे क्षार रंगात खोल गेले असतील तर ती खूणही जात नाही. वर बसलेले ताजे क्षार क्लेने थोडे कमी होतात, रुतलेल्या डागाला पॉलिशच लागतं.

कुठे वापरू नये?

मॅट रंगाच्या गाडीवर नको, घासल्याने तिथे चकाकणारे डाग पडतात. पीपीएफ किंवा विनाइल रॅपवर त्या कंपनीच्या सूचना वाचल्याशिवाय नको. सिरॅमिक कोटिंग केलं असेल तर ज्यांनी केलं त्यांना विचारा, क्लेमुळे कोटिंग घासलं जाऊ शकतं. नव्याने रंगवलेल्या भागाला निदान महिनाभर हात लावू नका. रंग सोललेला, फुगलेला किंवा तडकलेला असेल तिथेही नको. गाडीच्या काळ्या, खडबडीत प्लास्टिकवर क्ले फिरवला तर तो खाचांत अडकून बसतो.

काचेवर मात्र बिनधास्त वापरा, पाणी तेवढंच भरपूर ठेवून. पुढची काच क्लेने साफ केली की वायपरचा कर्कश आवाज बऱ्याचदा कमी होतो. दुचाकीच्या चकचकीत टाकीवरही तो चालतो.

किती वेळा करायचा?

वर्षातून एकदा बहुतेकांना पुरतो. गाडी रुळाजवळ, कारखान्याजवळ किंवा महामार्गालगत उभी राहत असेल तर दोनदा. त्यापेक्षा जास्त वेळा लागत असेल तर पार्किंगची जागा बदला किंवा गाडी लवकर धुवा. क्ले वाढवणं हा उपाय नाही.

चांगला मुहूर्त म्हणजे दसऱ्याच्या आधीचा आठवडा. वाहनाची पूजा करायची म्हणून गाडी धुतली जातेच. वॅक्सचा थर असला की पूजेचं हळद-कुंकू आणि हाराचे डागही सोपे निघतात. ते पुसताना मात्र आधी पाणी, मग फडकं.

सेंटरमध्ये करून घेणार असाल तर

तीन प्रश्न विचारा. एक, ‘पॅकेजमध्ये क्ले आहे की थेट पॉलिश?’ दोन, ‘क्लेचा तुकडा नवीन आहे का, की आधीच्या गाडीवर वापरलेला?’ तीन, ‘मशीन पॉलिश लागणार असेल तर रंगाची जाडी मोजणार का?’ जाडी मोजायला छोटं मीटर असतं आणि पत्र्यावर टेकवलं की आकडा दिसतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर हा आकडा महत्त्वाचा, कारण आधी किती वेळा पॉलिश झालंय ते तुम्हाला माहीत नसतं.

आणि गाडी गुळगुळीत असताना कोणी क्ले सुचवत असेल, तर पिशवी घालून त्यांच्यासमोरच हात फिरवा.

क्लेपेक्षा मोठा प्रश्न: रोज सकाळचं फडकं

क्ले बार वर्षातून एकदा गाडीला लागतो. कोरडं फडकं रोज लागतं. रात्रभर बसलेली धूळ सकाळी तशीच झटकून, घासून पुसायची पद्धत आपल्याकडे सगळ्या सोसायट्यांमध्ये आहे. त्या धुळीत खडकाची कच असते. कोरडं फडकं तिच्यावर दाबून फिरवलं की ते पॉलिश पेपरसारखं काम करतं. उन्हात दिसणारी ती वर्तुळं बहुतेक वेळा तिथूनच येतात. गाडी पुसणाऱ्याला कोणी याबद्दल सांगितलेलं नसतं आणि गाडी स्वच्छ दिसली नाही तर बोलणी त्यालाच बसतात.

त्याला एक मायक्रोफायबर आणि एक स्प्रे बाटली आणून द्या. ‘आधी ओलं कर, मग पूस. पाणी नसेल त्या दिवशी गाडी पुसू नकोस, फक्त काचा कर,’ एवढं सांगा. धुळीने माखलेली गाडी चार दिवस वाईट दिसेल, पण धूळ पुढच्या धुण्यात निघून जाईल. चरा मात्र निघत नाही.